अकरा तासांची चूक

शंकर,

तुला जाऊन सोळा दिवस झाले. जे तुला सात वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं, ते आता लिहायला बसलो आहे. इतकी वर्षं मी ते टाळलं. विसरलो होतो असं नाही आणि वेळ नव्हता असंही नाही. पूर्ण्याहून बोरीला यायला मला फार तर अडीच तास लागायचे आणि महिन्यातून एकदा मी यायचोच. तुझ्या ओट्यावर बसायचो, चहा प्यायचो, शेवटच्या जिपेने परत जायचो. बोलायचं ते राहून जायचं. ठरवून राहू द्यायचो.

तुझ्याबद्दल दहाव्याला लोक चांगलं बोलले. त्यात मी भर घालणार नाही. मला एकाच दिवसाबद्दल लिहायचं आहे, आणि तो दिवस कळावा म्हणून त्याच्या आधीचं थोडं.

आपण एका बाकावर शिकलो. तू शेतीत राहिलास, मी रेल्वेत गेलो. चौतीस वर्षं मी गार्ड होतो. गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून प्रत्येक स्टेशनाची वेळ वहीत मिनिटासकट लिहायची, हे माझं काम. काचीगुड्याला नऊ वाजले की पूर्ण्यालाही नऊच वाजलेले असायचे. गाडी कुठेही जावो, घड्याळ एकच. चौतीस वर्षांत मला त्यापलीकडे विचार करावा लागला नाही.

तुझा मात्र घड्याळावर भरवसा नव्हता. तू अंतर बिड्यांवर मोजायचास. शेत एक बिडी. जिंतूर पायी सात बिड्या. मी एकदा म्हणालो, "आणि वारं आसलं तर?"

"तर आठ. वाऱ्यानं बिडी लवकर संपती. तुमच्या रेल्वेला एवढं बी कळंना व्हय, गार्डसाहेब?"

गावात मला सगळे गार्डसाहेब म्हणायचे. ते आदराने म्हणायचे, तू चिडवायला. कुणाला तिरुपतीला जायचं असो की मुलाला परीक्षेसाठी औरंगाबादला न्यायचं असो, लोक माझ्याकडे यायचे. मी गाडी, वेळ आणि बदलायचं स्टेशन तोंडपाठ सांगायचो. ते मला आवडायचं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

तुझी लेक मीनू मेलबर्नला नर्स म्हणून निघाली तेव्हा संक्रांत नुकतीच झाली होती. आपण तिला हैदराबादच्या विमानतळावर सोडायला गेलो. तू, वहिनी, तुझा पुतण्या बालाजी आणि मी. वहिनींनी तिळाच्या वड्या इतक्या दिल्या होत्या की बॅग दोनदा उघडावी लागली. आत जायच्या आधी मी मीनूकडून तिकिटाचा कागद मागून घेतला आणि माझ्या डायरीत वेळा उतरवल्या. निघणार सकाळी दहा वीसला, मध्ये सिंगापूर, पोचणार दुसऱ्या दिवशी पहाटे चार चाळीसला. मी तिथल्या तिथे सांगितलं, "अठरा तास वीस मिनिटं. नऊ हजार किलोमीटरच्या वर."

तू विचारलंस, "बिड्या किती?"

मीनू रडता रडता हसली. "अण्णा, इमानात बिडी वढू देत न्हाईत."

"मग लय लांब हाय," तू म्हणालास.

त्यानंतर तू गावभर सांगत सुटलास, आमची मीनू अठरा तासांवर हाय. आयुष्यात पहिल्यांदा तू एखादं अंतर तासांत सांगत होतास, आणि तो आकडा माझा होता. एकदा सुट्टीला आली तेव्हा मीनूने मला ओट्यावर थांबवलं. "काका, अठरा न्हाईत. तेराच तास लागतात." मी म्हणालो, "बाई, तू सिंगापूरला थांबलेली येळ धरली नसशील. कागदावर हाय ते." ती काही समजावू लागली होती. मी ऐकून घेतलं नाही. मी गाडी चालवणाऱ्यांमधला माणूस आणि ती बसणाऱ्यांमधली, असं मला वाटत होतं.

मग तो दिवस आला. होळी होऊन आठ दिवस झाले होते आणि ऊन तापायला लागलं होतं. पहाटे पाचला वहिनी गेल्या. रात्री जेवून, भांडी पालथी घालून झोपलेली बाई. मला बालाजीचा फोन आला आणि मी मिळेल ती गाडी धरून साडेदहाला तुझ्या दारात पोचलो.

तू बाजेवर बसला होतास. मला पाहून उठलास आणि पहिलं वाक्य बोललास ते मीनूबद्दल. "फोन आला होता तिचा. साडेतीनचं इमान भेटलं म्हणली. उद्या सकाळी येती. मी थांबतो म्हणलो तिला."

मग म्हणालास, "केस कुणी विंचरू नका म्हणली. मी येऊन विंचरते."

तुमच्या घराची ती रीत मला माहीत होती. आईची शेवटची वेणी लेक घालते. तुझ्या आईची वेणी तुझ्या बहिणीने घातली होती, मी तिथेच होतो.

बालाजी म्हणाला, जिंतूरहून बर्फाच्या लाद्या आणतो, एक रात्र निघेल. गावातले वडीलधारे म्हणाले, एक रात निघंल, दोन न्हाई निघणार. ऊन बघा. म्हणजे सगळं एकाच गोष्टीवर येऊन थांबलं, मीनू नक्की किती वाजता पोचणार. आणि हा प्रश्न आला की बोरीत लोक कुणाकडे बघायचे, हे तुला सांगायला नको.

मी खिशातली डायरी काढली. साडेतीनला विमान निघणार. मी घड्याळ पाहिलं, तेव्हा पावणेअकरा झाले होते. म्हणजे अजून पावणेपाच तास आहेत. साडेतीनमध्ये अठरा तास वीस मिनिटं मिळवली, उद्या सकाळचे नऊ पन्नास झाले. सामान, तपासणी यांना एक तास. हैदराबादहून रस्त्याने साडेसात तास. उद्या संध्याकाळी सहा वीस. दिवस बुडता बुडता. वाटेत टायर जरी बसलं तरी अंधार, आणि अंधारात नेता येत नाही, म्हणजे परवा सकाळ.

मी मोठ्याने म्हणालो, "उद्या सकाळी न्हाई यायची. उद्या दिवस मावळताना येईल, ते बी सगळं नीट झालं तर. दोन राती धरा."

तू म्हणालास, "ती सकाळी म्हणली रे."

"दुःखात हाय पोरगी. तोंडाला येईल ते बोलती. मी चौतीस वर्षं येळा लिहिल्यात, शंकर."

तू मला म्हणालास, तिला फोन लाव, इचार तिला. मी लावला. फोन बंद होता. दोनदा, तीनदा लावला. माझ्या गणितानुसार ती अजून घरी कपडे भरत असायला हवी होती. घरात बसलेल्या माणसाचा फोन बंद का असेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला. मी म्हणालो, गडबडीत बंद पडला आसंल. खरं म्हणजे त्या वेळी तिचं विमान सुटून पाऊण तास झाला होता. तिचे साडेतीन म्हणजे आपले सकाळचे दहा. ती समुद्रावर होती आणि तिला वाटत होतं की तिचा बाप थांबला आहे.

बाराच्या सुमारास, आजच न्यायचं म्हणून तू मान डोलावलीस. वेणी शेजारच्या गंगूबाईंनी घातली. चार वाजता आपण वहिनींना नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वीसला मीनूची गाडी दारात आली. हैदराबादला उतरल्यावर तिला बालाजीने फोनवर सांगितलं होतं, त्यामुळे ती रडून मोकळी झाली होती. डोळे कोरडे होते. चप्पल न काढता उंबऱ्यात उभी राहिली आणि विचारलं, "वेणी कुणी घातली?"

गंगूबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

"अण्णा, तुमी थांबतो म्हणले होते."

मी तुझ्यापासून हातभर अंतरावर होतो. तू माझ्याकडे बोट दाखवलं असतंस तर ते खरंच झालं असतं. गार्डसाहेबांनी सांगितलं, एवढंच म्हणायचं होतं. तू म्हणालास, "ऊन लय होतं, बाई."

नऊच्या सुमारास मी तिला चहा दिला. कप घेताना तिचं मनगट माझ्या समोर आलं. तिच्या घड्याळात अडीच वाजले होते. मी म्हणालो, "घड्याळ बंद पडलंय का गं?"

"न्हाई काका. तिकडची येळ हाय. बदलायचं राहिलं."

मी उठून गोठ्याकडे गेलो. डायरी काढली. शाळेत आपल्याला शिकवलं होतं की पूर्वेला सूर्य आधी उगवतो, पण मी ते कधी गाडीला लावून पाहिलं नव्हतं. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे. जाताना पूर्वेकडे गेलेल्या विमानाची निघायची वेळ पोचायच्या वेळेतून वजा केली, तर तेवढेच साडेपाच तास फुगीर येतात. आणि तिचे साडेतीन मी आपले धरले, तिथे आणखी साडेपाच. एकच चूक दोनदा, आणि दोन्ही वेळा एकाच बाजूला. सहा वीसमधून अकरा तास गेले की सात वीस उरतात. ती बरोबर सात वीसला आली होती. माझं बाकी सगळं अचूक होतं, शंकर. सामानाचा एक तास, रस्त्याचे साडेसात. मिनिटाचाही फरक नाही.

एक रात्र बर्फावर निघाली असती.

तू गोठ्याकडे आलास. मला वाटलं, तुला कळलं. तू विचारलंस, "आरं, ही एवढ्या लवकर कशी आली?"

मी म्हणालो, "पाठीमागचं वारं आसंल. इमान कधीकधी येळेआधी येतं."

तू "आसंल" म्हणालास आणि बैलाच्या पुढ्यातला कडबा सारखा करायला लागलास.

चूक मी तुला सांगू शकलो असतो. चूक ही चूक होती, ती रडून-भेकून एखाद्या दिवशी निघून गेली असती. पण वाऱ्याचं मी जाणून बोललो. त्यानंतर चूक सांगायची तर ते खोटंही कबूल करावं लागणार होतं, आणि दर महिन्याला ते थोडं जड व्हायला लागलं.

वहिनींच्या दहाव्याच्या दिवशी मीनू तुला जे बोलली ते मी ओट्यावरून ऐकलं. ती ओरडली नाही. बॅग भरता भरता म्हणाली, "पोरगा आसता ना अण्णा, तर एक रात काय, चार राती बर्फ आणला आसता तुमी. लेकीसाठी कोण थांबतंय?"

तू म्हणालास, "तसं न्हाई, बाई."

"मग कसं हाय? सांगा की."

तू सांगितलं नाहीस. मला वाटतं त्या क्षणी तू माझं नाव घेणार होतास आणि मग घेतलं नाहीस, कारण मी तिथे बसलेलो तुला दिसत होतो. मी उठून आत येऊन दोन वाक्यं बोललो असतो तर तुझी लेक तुला परत मिळाली असती. मी न बोलण्याचं कारण फार लहान आहे. सगळी भावकी जमलेली होती. गार्डसाहेबांना साधी वेळ मोजता आली नाही, हे त्यांच्यासमोर निघालं असतं. एवढंच. दुसरं काही कारण मी सात वर्षांत शोधलं, सापडलं नाही.

त्यानंतर ती दोनदाच आली. दर रविवारी यायचा तो फोन सणावारावर आला. तू म्हणायचास, नर्सांना रात्रपाळ्या लय आसतात. मी हो म्हणायचो. एका दिवाळीत फोन संपल्यावर तू बराच वेळ मोबाइल हातात धरून बसलास आणि म्हणालास, "जेवला का म्हणून इचारती. औषध घेतलं का म्हणून इचारती. नर्सावाणी बोलायलीय." मला तेव्हाही बोलता आलं असतं. मी विचारलं, कापूस किती निघाला.

आपला एक वाद अर्धा राहिला आहे. तू म्हणायचास, मेलबर्न वाढत चाललंय. मी म्हणायचो, गावं वाढतात, अंतर वाढत नाही, नऊ हजार किलोमीटर आहे तेवढंच आहे. तू म्हणायचास, "तुला न्हाई कळायचं." मी तुला हरवायला आकडे काढायचो. तुझं बरोबर होतं, आणि ते कोण वाढवत होतं तेही मला ठाऊक होतं.

गेल्या महिन्यात तू गेलास त्या दिवशी मला कुणी काही विचारलं नाही. मी पोचलो तोवर बालाजीने परभणीहून शीतपेटी मागवली होती आणि मीनूचं तिकीट झालं होतं. तिचं विमान त्याच्या मोबाइलवर दिसत होतं. समुद्राच्या निळ्या रंगावर बोटाच्या नखाएवढं विमान, खाली लिहिलेलं, पोचायला अजून इतके तास, इतकी मिनिटं. मी म्हणालो, "ही येळ कुठली धरली? तिकडची का इकडची?"

बालाजी म्हणाला, "इकडची, काका. त्याला कळतं आपण कुठं उभं हावं ते."

ती आली. तू थांबला होतास. तिने तुझ्या डोक्यावरून हात फिरवला, टोपी सरळ केली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "ह्या वेळेला थांबले, काका." त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच मला तिथे उभं राहता आलं नाही.

मीनू शुक्रवारी परत जाते आहे. हे लिहून झालं की कुठेही छापायला देण्याआधी मी बोरीला येऊन तिच्या हातात देणार आहे, आणि ती वाचेपर्यंत समोर बसणार आहे. तिने काय करावं हे मी ठरवू शकत नाही. तिचा बाप तिच्यासाठी थांबायला निघाला होता आणि त्याला एका माणसाने अडवलं, एवढं तिला कळलं पाहिजे. लेक म्हणून कुणी तिला कमी धरलं नव्हतं. तू तर धरलं नव्हतंसच.

तुझ्याशी बोलायची शेवटची संधी तू इस्पितळातून घरी आलास तेव्हा मिळाली होती. त्या दिवशी मी खरंच ठरवून आलो होतो. गाडीत पहिलं वाक्य तयार करून आणलं होतं. तू आडवा होतास, आवाज खोल गेला होता, तरी मला पाहून म्हणालास, "या गार्डसाहेब. येळेवर आलात का लेट?"

मी म्हणालो, "शंकर, मला तुला एक सांगायचंय."

"आधी मी सांगतो. मला दम लागतो मग." तू उशाशी हात फिरवून माझा हात शोधलास. "ही गेली त्या दिशी तू आलास. मला काय बी सुचत नव्हतं. तू सगळं मोजून सांगितलंस म्हणून मी उभा राहिलो. न्हाईतर मी तसाच बसून राहिलो आसतो. ते कधी बोललो न्हाई तुला."

मी तुझा हात धरून बसलो. तू विचारलंस, "आता तुझं सांग."

मी म्हणालो, "काही न्हाई. पुढल्या महिन्यात जरा लवकर यावं म्हणतो."

"ये की," तू म्हणालास आणि डोळे मिटलेस.

जे वाक्य मी त्या दिवशी गाडीत तयार करून आणलं होतं ते हे होतं. शंकर, मीनू सकाळीच पोचणार होती, तिचं बरोबर होतं, माझं चुकलं, आणि वाऱ्याचं मी खोटं बोललो. मला माफ कर.